महाविद्यालयातला मुक्तस्रोत गट दुसऱ्या वर्षी का बंद पडतो?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचा, गट सुरू केला. उद्घाटनाला सभागृह भरले होते. दीपप्रज्वलन झाले, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचे भाषण झाले, पेनड्राइव्हवरून उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती चालवून दाखवण्याची कार्यशाळा झाली आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळाले. पुढच्या महिन्याच्या बैठकीला अकरा जण आले. त्यानंतरच्या बैठकीला चार आले आणि त्यांतले एक प्रोजेक्टर लावायला आलेले शिपाईमामा होते. गेल्या जूनमध्ये गट चालवणारे तिघे पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर गटाच्या मेल खात्याचा पासवर्डही गेला.

आमची मुले दिवसभर पायथन आणि लिनक्स वापरतात, त्यांच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. पण हे सगळे कुणीतरी बनवत असते आणि त्याला आपलाही हात लागू शकतो, हे त्यांच्या मनाला शिवत नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले आणि तीच पुढे लिनक्स झाली, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. मुले ती टिपून घेतात आणि परीक्षेला येणार का, असे विचारतात.

यंदा प्राचार्य थोडा निधी द्यायला तयार आहेत, मात्र वर्षभराची योजना त्यांना पुढच्या सोमवारपर्यंत लेखी हवी आहे. आपल्या भागात ज्यांनी असे गट चालवले किंवा बंद पडताना पाहिले, त्यांनी कृपया लिहावे. कार्यशाळांच्या कल्पना नकोत, त्या माझ्याकडे भरपूर आहेत. गट टिकतो कशाने, एवढेच मला विचारायचे आहे.

पोवईनाका

सर, बाकीचे सावकाश बोलू. आधी पासवर्ड मिळाला का, ते सांगा.

कृष्णाकाठ

नाही मिळाला. ज्याच्याकडे होता त्याने सिमकार्ड बदलले आणि पडताळणीचा कोड अजून जुन्याच क्रमांकावर जातो.

हिंजवडीतला सातारकर

माझे शिक्षण साताऱ्यात झाले. आमच्या महाविद्यालयातही असा गट होता आणि तो बंद पाडण्यात माझाही वाटा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावण्याच्या उपक्रमाची लाट आली होती. चार पुल रिक्वेस्ट (प्रकल्पात बदल सुचवणाऱ्या विनंत्या) पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, असे त्याचे स्वरूप होते. आम्ही गटातल्या सगळ्यांना एका दुपारी ऑनलाइन जमवले आणि चार पुल रिक्वेस्ट कशा पाठवायच्या ते शिकवले. मी स्वतः कुण्या परदेशी माणसाच्या प्रकल्पातील माहितीच्या फाइलीत एका वाक्याआधी ‘अप्रतिम’ या अर्थाचे विशेषण घातले आणि बदल पाठवून दिला. त्या महिन्यात जगभरातल्या प्रकल्पांवर असल्या निरर्थक बदलांचा एवढा मारा झाला की, आयोजकांना पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावे लागले आणि जे प्रकल्प आपणहून सहभागी होतील तेवढेच मोजायचे ठरले. माझ्या पुल रिक्वेस्टवर ‘स्पॅम’ असा शिक्का बसला. खाली त्या माणसाने एकच ओळ लिहिली होती. हा प्रकल्प मी नोकरी सांभाळून रात्री चालवतो आणि आज तुमच्यासारख्या वीस जणांना उत्तरे देण्यात माझी रात्र गेली, असा तिचा आशय होता.

मला फार लाज वाटली. पण मुद्दा लाजेचा नाही. टी-शर्टाचे आमिष संपल्याबरोबर नोव्हेंबरात आमचा गटही संपला, कारण आम्हाला जोडून ठेवणारे दुसरे काहीही नव्हते. तुमच्या प्रमाणपत्रांचेही तेच झाले असावे, असे मला वाटते.

एसटीपास

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातून रोज सांगलीला येते आणि तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयातही असा क्लब आहे. (सर, तुमचे महाविद्यालय वेगळे असावे, कारण आमच्याकडे पासवर्ड शाबूत आहे.) त्याच्या बैठका संध्याकाळी साडेपाचला होतात. माझ्या गावाकडची बस सव्वापाचला सुटते आणि त्यानंतरची साडेसातला. साडेसातच्या बसने गेले तर घरी जे बोलणे बसते ते इथे लिहीत नाही. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली अशाच बाहेरगावच्या आहेत. क्लबचे सचिव मात्र जाहीरपणे म्हणतात की, मुलींना कोडिंगमध्ये रस नाही.

दुसरी गोष्ट अशी की, माझ्याकडे लॅपटॉप नाही. प्रयोगशाळेतले संगणक गोठवलेले असतात, म्हणजे पुन्हा सुरू केले की सगळे पूर्वीसारखे होते. काल केलेले काम आज नसते. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे ती सहा मुले म्हणजेच तो क्लब, अशी वस्तुस्थिती आहे.

भडंगप्रेमी

एसटीपास यांना +१. आपल्याकडचे गट वेळापत्रकामुळे मरतात आणि शवविच्छेदनाच्या अहवालात ‘विद्यार्थ्यांची उदासीनता’ असे कारण लिहिले जाते.

रोखठोक

मी थोडे विरोधात बोलणार आहे. ज्या घरात द्राक्षबागेचे कर्ज आहे, त्या घरातल्या मुलाने एखाद्या श्रीमंत परदेशी कंपनीच्या उपयोगी पडणाऱ्या सॉफ्टवेअरमधले दोष फुकट का दुरुस्त करावेत? मोठमोठ्या कंपन्या याच फुकटच्या श्रमांवर इमले बांधतात. आपल्या मुलांना नोकरी हवी आहे. त्यांना मुलाखतीची तयारी करून द्या, दानधर्म नंतर शिकवा.

कोहावाल्या बाई

रोखठोक यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर देण्याआधी मला एक अनुभव सांगायचा आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या ग्रंथालयाची देवघेव कोहा या सॉफ्टवेअरवर चालते. ते न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाले. २००० साल उजाडले की त्यांची जुनी प्रणाली बंद पडेल अशी भीती होती, म्हणून त्यांनी नवी बनवून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. कोहा हा माओरी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे, आणि त्या भेटीत परतफेडीची जाणीव गृहीत धरलेली असते. आपल्याकडे लग्नाच्या आहेराची वही ठेवतात, त्यातलाच हा प्रकार म्हणता येईल.

आमची अडचण अशी होती की, इंग्रजी पुस्तके शोधली की लगेच सापडत, मराठी पुस्तकाचे नाव टाकले की शून्य निकाल येत. पुस्तक कपाटात असे, नोंद संगणकात असे, पण शोधात ते येत नसे. तीन वर्षे आम्ही मराठी पुस्तके दाखलअंकावरून शोधत होतो. बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा दंड भरायला आला असता त्याने हे पाहिले आणि, “बाई, मी बघू का?” असे विचारले. मी त्याला सर्व्हरची एक प्रत वेगळ्या संगणकावर काढून दिली. (मूळ सर्व्हरला हात लावू दिला नाही, तेवढी मी सावध आहे.) तो आठ दिवस दुपारच्या सुट्टीत येऊन बसला. कोहाच्या मदतपानांवरून आणि त्यांच्या टपालयादीतल्या (मेलिंग लिस्ट) जुन्या चर्चांवरून त्याने कारण शोधले. शोधसूची बनवणारे जे झेब्रा नावाचे इंजिन आतमध्ये आहे, ते रोमन लिपीसाठीच्या अक्षरकोष्टकावर चालत होते. त्याच्या मांडणीच्या फाइलीत त्या कोष्टकाची ओळ काढून आयसीयूच्या (सगळ्या लिपी हाताळणाऱ्या मुक्त संचाच्या) नियमांची ओळ घालायची आणि सगळ्या नोंदींची सूची नव्याने बांधायची, एवढेच करायचे होते. सूची बांधून झाल्यावर त्याने शोधाच्या चौकटीत ‘शेती’ असे टाइप केले आणि पडद्यावर मराठी पुस्तकांची यादी उतरली. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

त्या मुलाने नंतर आपला अनुभव त्याच टपालयादीवर लिहिला. त्याला केरळमधल्या एका ग्रंथपालांनी आभाराचे पत्र पाठवले. आता आमच्याकडे दर बुधवारी दुपारी पाच-सहा मुले येतात. त्याला आम्ही क्लब म्हणत नाही, त्याचे उद्घाटनही झालेले नाही. पण तिसरे वर्ष चालू आहे.

हिंजवडीतला सातारकर

बाई, हा प्रतिसाद छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवण्यासारखा आहे. रोखठोक यांना उत्तर म्हणून एवढेच सांगतो की, मी आता मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. आयसीयूची ती ओळ शोधणारा मुलगा माझ्यासमोर आला, तर त्याला मी पहिला प्रश्न तिथूनच विचारीन आणि बहुधा तोच शेवटचाही असेल.

रोखठोक

एका मुलाच्या उदाहरणावरून नियम होत नाही. तरी ग्रंथालयाचा किस्सा मला पटला, कारण त्यात काम आपल्याच घरचे होते. माझा आक्षेप परक्याच्या शेतात राबण्याला आहे.

आयर्विन

रोखठोक यांच्या याच वाक्याला धरून पुढे जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मी तेव्हा गावभागात मदतीच्या गाड्यांबरोबर फिरत होतो. बाहेरगावाहून बोटी घेऊन आलेल्या मंडळींना गल्ल्या माहीत नव्हत्या. फोनमधल्या नकाशात मोठे रस्ते होते, पण कोणती गल्ली पुढे बंद आहे, कोणत्या शाळेची इमारत दुमजली आहे, बोट कुठून आत जाईल, हे काहीही नव्हते. आम्ही सिगारेटच्या पाकिटामागे नकाशे काढून देत होतो.

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून लोकच बनवत आले आहेत. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा तपशीलवार नकाशा काही दिवसांत उभा केला आणि मदतपथकांनी तोच वापरला. सांगलीवाडी, गावभाग, मारुती रोड हा परिसर आपल्या मुलांनी पावसाळ्याआधी असा गल्लीगणिक नोंदवला, तर ते परक्याचे शेत खचितच नाही.

एसटीपास यांच्यासाठी मुद्दाम सांगतो, यासाठी लॅपटॉप लागत नाही. स्ट्रीटकम्प्लीट नावाचे एक मुक्तस्रोत ॲप आहे. आपण उभे असू तिथले प्रश्न ते विचारते. हा रस्ता डांबरी आहे की खडीचा, या इमारतीला मजले किती, या थांब्याला निवारा आहे का, अशी उत्तरे द्यायची आणि ती थेट नकाशात जातात. एसटीची वाट पाहतानाही हे काम होते.

एसटीपास

प्रतिसाद वाचून लगेच ॲप घेतले. पहिलाच प्रश्न आमच्या बसथांब्याला बसायला बाक आहे का, असा आला. नाही असे उत्तर देताना बरे वाटले, निदान कुठेतरी नोंद झाली.

शब्दवेल्हाळ

आणखी एक दार सुचवतो. मराठी भाषांतरासाठी सी किंवा जावा ही संगणकभाषा यावी लागत नाही, मराठी मात्र यावी लागते आणि तिथेच गाडे अडते. लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन संचाची भाषांतरे वेबलेट या प्रणालीवर ब्राउझरमधूनच करता येतात. आमच्याकडे कला शाखेच्या चार मुली आणि संगणकाची दोन मुले एकत्र बसवली होती. पहिल्याच दिवशी ‘प्रिंट’ या शब्दावर दीड तास गेला. एकाने ‘छापा’ सुचवले. त्यावर एक मुलगी म्हणाली की, हे बटण दाबले तर पोलीस येतील. ‘मुद्रित करा’ बरोबर आहे, पण ते वाचून तिची आजी बटण दाबणार नाही, असेही तिचेच म्हणणे होते. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ की ‘साठवा’, यावर दोन गट पडले आणि ते अजून कायम आहेत. ही भांडणे हाच त्या गटाचा प्राणवायू आहे, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

भडंगप्रेमी

‘छापा’च ठेवा. महाविद्यालयात कागद संपण्याचे प्रमाण कमी होईल.

निवृत्त मास्तर

तरुण मंडळींचे विचार वाचून आनंद झाला. मला संगणकातले फारसे कळत नाही, पण इंग्रजीत ‘फ्री’ या शब्दावरून जो घोळ आहे, तो मराठीत नाही, हे मला जाणवले. आपल्याकडे ‘फुकट’ निराळे आणि ‘मुक्त’ निराळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केल्यापासून त्या लोकांना हा फरक इंग्रजीत समजावून सांगावा लागतो, असे माझ्या नातवाने मला सांगितले. आपण पहिल्या दिवसापासून ‘मुक्त’च म्हणावे, म्हणजे रोखठोक यांचा निम्मा आक्षेप आपोआप गळून पडेल.

दुसरे असे की, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि श्रमदानातून शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आपल्या मातीतली आहे. मुलाला श्रमाचा मोबदला मिळावा, ही अपेक्षा त्यात मुळीच कमीपणाची मानलेली नव्हती, हे मात्र गट चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

हिंजवडीतला सातारकर

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून सांगतो. मोबदल्याच्या वाटा आहेत. आयआयटी मुंबईचा फॉसी हा प्रकल्प साय्‌लॅबसारख्या गणिती आकडेमोडीच्या मुक्त साधनांत पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन देतो. मुक्तस्रोत प्रकल्पांत काम करणाऱ्यांना मानधन देणारा गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. मात्र या वाटा दुसऱ्या टप्प्याच्या आहेत. पहिल्याच दिवशी मानधनाचा आकडा फळ्यावर लिहिला, तर माझा टी-शर्ट पुन्हा अवतरेल.

लॅब असिस्टंट

सगळे वैचारिक चालले आहे, म्हणून जमिनीवरचे दोन शब्द सांगतो. महाविद्यालयाच्या नेटवर्कवर बहुतेक ठिकाणी एसएसएच या सुरक्षित जोडणीचे २२ क्रमांकाचे पोर्ट बंद असते. मुले घरून सगळे शिकून येतात, गिट पुश करतात, म्हणजे आपला कोड गिटहबसारख्या संकेतस्थळावर पाठवू लागतात, आणि पडदा नुसता थांबून राहतो. त्यांना वाटते आपलेच चुकले. गिटहबला एसएसएच ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरूनही जोडता येते, तेवढी मांडणी आधी करून ठेवावी. एचटीटीपीएसने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, ऑगस्ट २०२१ पासून तिथे खात्याचा पासवर्ड चालत नाही, टोकन (खात्यातून काढून घ्यायचा वेगळा गुप्त संकेत) लागते. माझ्या डोळ्यांसमोर पहिल्याच सत्रात तीस मुले एकाच वेळी चुकीचा पासवर्ड टाकत बसली होती आणि मार्गदर्शक पाहुणे कपाळ पुसत होते.

गोठवलेल्या संगणकांचे म्हणाल, तर ती सोय आमच्याच जिवासाठी असते. पण चार संगणक वेगळे काढून त्यांवर लिनक्स टाकून देता येते. कुणी लेखी मागितले तर आम्ही देतो, पण मागत कुणी नाही.

पोवईनाका

याला श्रेयांक (क्रेडिट) का देऊ नयेत? नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आहेच, त्यात बसवता येईल.

कोहावाल्या बाई

मी श्रेयांकांच्या विरोधात नाही, पण धास्तावलेली आहे. श्रेयांक आले की साठ मुले येतील, साठ अहवाल येतील आणि त्यांतले पंचावन्न एकमेकांच्या प्रती असतील. माझ्या बुधवारच्या सहा मुलांना बसायला जागा उरणार नाही. आधी काम झालेले असावे आणि मग त्याचे श्रेयांक मागता यावेत, असा उलटा क्रम ठेवता आला तर पाहावे.

आयर्विन

बाईंशी सहमत. शिवाय सगळे शून्यातून करण्याची गरज नाही. सांगलीतच वालचंद अभियांत्रिकीत विद्यार्थ्यांनी चालवलेला लिनक्स युजर्स ग्रुप आहे. वरच्या वर्गातली मुले खालच्या वर्गाच्या हाती सूत्रे कशी देतात, हे त्यांना एकदा भेटून विचारावे. कृष्णाकाठ सरांचा पासवर्ड जिथे हरवला, तो हाच सांधा आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि आधी लिहिलेली योजना बाजूला ठेवली. तिच्यात सात कार्यशाळा होत्या.

नवीन मसुदा दीड पानांचा आहे. बैठक दर शनिवारी दुपारी साडेबाराला, म्हणजे शेवटचा तास संपल्याबरोबर. चार संगणक लिनक्सचे, त्यांचे लेखी पत्र मी आजच प्रयोगशाळेत दिले. (लॅब असिस्टंट यांचे खरे होते, आमचे प्रयोगशाळा सहायक म्हणाले की, हे पत्र गेल्या वर्षी आले असते तर गेल्या वर्षी दिले असते.) पहिल्या सत्रात दोनच कामे, गावभागाचा नकाशा आणि आमच्या ग्रंथालयातला मराठी शोध. बाईंची हकीकत वाचून मी आमच्या ग्रंथालयात जाऊन ‘शेती’ शोधून पाहिले. शून्य निकाल आले.

गटाचे खाते आता एका व्यक्तीच्या नावावर राहणार नाही. प्रत्येक कामावर दुसऱ्या वर्षातला एक आणि पहिल्या वर्षातला एक असे दोघे असतील, आणि तिसऱ्या वर्षातल्यांनी दिवाळीनंतर फक्त शेजारी बसायचे, कळफलकाला हात लावायचा नाही, असे ठरवतो आहे. श्रेयांकांचा विषय या वर्षी काढत नाही. उद्घाटनाचा खर्च खोडला आहे, त्यावर प्राचार्य काय म्हणतात ते सोमवारी कळेल.

रोखठोक

नकाशाच्या कामाला मी येईन. माझे बालपण सांगलीवाडीत गेले आहे, कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते ते मला पाठ आहे. मला ॲप वगैरे जमणार नाही, कुणीतरी बरोबर द्या.

एसटीपास

सर, दुसऱ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना शनिवारी आत सोडतील का? आम्ही तिघी येऊ शकतो. आमची बस अडीचची आहे, त्यामुळे पावणेदोन तास मिळतील. रोखठोक काकांबरोबर मी फिरेन.

कृष्णाकाठ

फाटकावर ओळखपत्र दाखवा आणि संगणक विभागात जायचे आहे असे सांगा. मी वॉचमनना तुमच्याबद्दल सांगून ठेवतो.